धावदोरा

लातूरच्या मार्केट यार्डात 'नमुना' म्हणजे पोटलीतले धान्य. आडतीवर उतरलेल्या सोयाबीनमधून काही मुठी सौद्याला न्यायच्या, खरेदीदाराने दाणे तळहातावर घोळवायचे, एखादा दाताखाली फोडून ओल बघायची आणि भाव बोलायचा. तलाठ्याच्या सज्जावर 'नमुना' म्हणजे कागद. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, 7 म्हणजे अधिकार अभिलेख, 8अ म्हणजे खाते, 12 म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एका पानावर आले म्हणून त्या पानाला सातबारा म्हणायचे. या पुस्तकात हा शब्द तिसऱ्याच अर्थाने येतो आणि पहिल्या दोन अर्थांत तो सहज अडकतो, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात शब्दापासूनच करतो.

पोटलीतला दाणा तयार मालाचा अंश असतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात शिजलेला असतो म्हणून. आपला नमुना भात शिजायच्या आधीचा आहे. जी माहितीप्रणाली आपण करू पाहतो ती अजून जन्मलेली नाही. तिच्या पोटात कोणते तक्ते असतील, कोणत्या पडद्यानंतर कोणता पडदा येईल, नोंद कोण करील आणि ती तपासणार कोण, हे कुणालाच पुरते ठाऊक नाही. अशा वेळी ती कशी असेल याचे हातात धरता येईल असे काहीतरी करायचे, वापरणाऱ्यासमोर ठेवायचे आणि तो काय करतो ते बघायचे. 'प्रोटोटाइप' हा शब्द आता वर्गात सगळेच वापरतात. मला मात्र शिंप्याचा धावदोरा जवळचा वाटतो. कापड बेतल्यावर शिंपी लांब लांब कच्चे टाके घालतो, कपडा अंगावर चढवायला सांगतो, खांद्याजवळ खडूची खूण करतो आणि मग ते टाके उसवून पक्की शिलाई मारतो. धावदोरा उसवण्यासाठीच घातलेला असतो. तो ओबडधोबड दिसतो म्हणून गिऱ्हाईकही मोकळेपणाने सांगते, की काखेत काचते आहे.

नांदेडजवळ विष्णुपुरीला 1981 पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिथेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या शेतकरी घरांतून आलेली शेकडो मुले-मुली दरवर्षी या भागात संगणक शिकतात. तरीही शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करताना 'वापरकर्त्याच्या गरजा' हे प्रकरण वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहिले जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो. ज्या मुलाचे वडील आडतीवरून विक्रीची पट्टी घेऊन घरी येतात, तो मुलगा आडत दुकानाची प्रणाली करायला बसतो आणि 'कस्टमर', 'प्रॉडक्ट', 'इन्व्हॉइस' असे तक्ते आखतो. घरच्या पट्टीवरचे कट्टे, हमाली, तोलाई हे रकाने त्याला आठवत नाहीत. आठवले तरी छापील पुस्तकात नसल्यामुळे ते खरे वाटत नाहीत. हे पुस्तक त्या मुलासाठी आहे.

नमुन्याची गरज कुठे पडते हे दाखवायला ई-पीक पाहणीइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. पूर्वी पिकांची पाहणी तलाठ्याने करायची आणि गाव नमुना 12 भरायचा, अशी रीत होती. एका तलाठ्याकडे अनेक गावे. प्रत्येक बांधावर पाय ठेवणे त्याला शक्य नसे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही पाहणी शेतकऱ्याच्याच हाती आली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेले अॅप त्याने मोबाईलवर घ्यायचे, शेतात उभे राहायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो काढायचा. राज्यभर नेण्यापूर्वी निवडक तालुक्यांत ते करूनही पाहिले होते. कल्पना म्हणून मला ती फार मोलाची वाटते. ज्याने पेरले त्यानेच लिहावे, यापेक्षा सरळ काय असणार? पीक कर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभाव केंद्रावरची विक्री, या सगळ्यांची वाट त्या एका नोंदीवरून जाते.

पण 'शेतकरी स्वतः नोंद करतो' या तीन-चार शब्दांच्या वाक्यात काय काय दडलेले असते, ते प्रणाली आखणाऱ्याला कागदावर दिसत नाही. श्रावणातली पावसाची झड उघडून ऊन पडले की मोबाईलचा पडदा काळा दिसतो. काळ्या रानात चिखल गुडघ्याएवढा, हात ओले. रेंज गावाच्या एका टोकाला, रान दुसऱ्या टोकाला. मोबाईल मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो थोरला भाऊ वारलेला, वारसाची नोंद अजून व्हायची. मग नोंद करायला गावातला एखादा पोरगा किंवा सेवा केंद्राचा चालक पुढे येतो. आता या प्रणालीचा वापरकर्ता नेमका कोण? नमुना कुणासमोर ठेवायचा? जमीन ज्याची आहे, मोबाईल ज्याचा आहे आणि बोट ज्याचे आहे, ही आपल्याकडे अनेकदा तीन वेगळी माणसे असतात. विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी शिकावे असे काही असेल, तर ते हे.

1 ऑगस्ट 2022 रोजी या अॅपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातले बदल मी वर्गात फळ्यावर लिहून देतो. केलेली नोंद 48 तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती दूर उभे आहोत ते फोटो काढताना कळू लागले. एका मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके भरायची सोय झाली. सगळ्याच नोंदी तलाठ्याने तपासण्याऐवजी दहा टक्के तपासायच्या, असे ठरले. प्रत्येक बदलामागे कुठल्या तरी शेतात अडलेला एक माणूस उभा आहे. चुकीचे बटण दाबले गेले तर पुढे काय, या धास्तीने मोबाईल खाली ठेवणारा माणूस त्या 48 तासांमागे आहे. दोष काढायला मी हे सांगत नाही. यातल्या काही गोष्टी लाखो लोकांनी वापरल्याशिवाय कळल्याच नसत्या. काही मात्र पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन बांधावर घालवलेल्या एका दुपारीही कळतात, आणि कुठल्या गोष्टी त्या दुपारी कळतात हे ओळखणे हाच या पुस्तकाचा विषय आहे.

मिश्र पिकाचेच घ्या. लातूर-नांदेडकडे सोयाबीन आणि तूर एकाच रानात असतात. सोयाबीनच्या काही तासांमागे तुरीचे एक तास. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, तूर पुढे थंडीत पिकते. आता या रानात सोयाबीनचे क्षेत्र किती आणि तुरीचे किती? पडद्यावर दोन पिकांसमोर दोन चौकटी असतील, आणि दोन्हींची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकीच व्हावी असा नियम आतल्या तक्त्यात बसवलेला असेल, तर माणूस खरे लिहूच शकत नाही. त्याचे सगळे रान सोयाबीनचे आहे आणि तुरीचेही आहे. जुन्या छापील गाव नमुना 12 मध्ये 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' असे वेगळे रकाने होते. मिश्रणाला संकेत क्रमांक होता. जलसिंचित आणि अजलसिंचित अशी पुढची फोडही होती. ज्याने कुणी तो कागद आखला त्याने रान पाहिले होते. नवी प्रणाली आखताना जुना कागद रद्दीत टाकू नये. तो कुणीतरी अनेक पिढ्या वापरून घासून दिलेला नमुना असतो, आणि त्यातला प्रत्येक चमत्कारिक रकाना कुठल्या तरी खऱ्या अडचणीतून आलेला असतो.

काही वर्षांपूर्वी नांदेडपासून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात मुलांना घेऊन गेलो होतो. पीकपेऱ्याची नोंद हाच विषय. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर पेनाने पडदे काढलेले. एक मुलगी 'मोबाईल' झाली होती: समोरच्याने बोट ठेवले की तिने काही न बोलता पुढची चिठ्ठी ठेवायची. ओसरीवर बसलेल्या एका आजींसमोर आम्ही मांडामांड केली. पिकाच्या नावावर त्यांनी बरोबर बोट ठेवले. पुढची चिठ्ठी क्षेत्राची, हेक्टर आणि आर असे दोन रकाने.

"तीन बॅगा हायत," आजी म्हणाल्या.

"आजी, हेक्टरमध्ये किती?" आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले.

"ते साहेबाला इचार लेकरा. म्या पेरलंय ते सांगितलं."

त्या मुलाने लगेच मनातल्या मनात हिशेब केला: बॅग म्हणजे तीस किलो बियाणे, तीस किलो म्हणजे एकर, तीन एकर म्हणजे एक हेक्टर एकवीस आर, आणि चिठ्ठीवर 1.21 लिहून मोकळा झाला. त्याला मी थांबवले. त्याने जे केले ते गावोगावचे सेवा केंद्रचालक रोज करतात, आणि ते करतात म्हणून प्रणालीतली ही खोट कुणाला दिसत नाही. आमच्या भागात सोयाबीनचे रान बॅगेत मोजतात, उताराही बॅगेमागे सांगतात. हेक्टरी 75 किलो बियाणे या शिफारशीशी तीस किलोची पिशवी बरोबर जुळत होती म्हणून ते माप रूढ झाले. अलीकडे पिशवीचे वजन कंपनीगणिक बदलू लागले आहे, तरी बोलण्यात बॅग टिकून आहे. आम्ही तिथल्या तिथे एक नवी चिठ्ठी काढली: 'किती बॅगा पेरल्या?' आणि खाली लहान अक्षरांत हेक्टर-आर. आजींनी ती निरखून पाहिली आणि विचारले, "तुरीची बॅग कुठं असती? ती ह्याच्यातच हाय की." मिश्र पिकाचा सगळा प्रश्न एका वाक्यात समोर आला. त्या चिठ्ठीला खर्च आला होता एका पुठ्ठ्याचा. तीच गोष्ट प्रणाली पूर्ण झाल्यावर कळली असती, तर तक्ते, अहवाल, तपासणीचे नियम, सगळे उसवावे लागले असते.

कागदच का, संगणकावर पडदे चटकन करता येतात की, असे मुले नेहमी विचारतात. आजकाल येतातही, तासाभरात अगदी खरेखुरे दिसणारे पडदे तयार होतात. माझा आग्रह कागदाचा आहे आणि त्याचे कारण आमच्या माणसांच्या स्वभावात आहे. मराठवाड्यात घरी आलेल्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. चकचकीत रंगीत पडदा दाखवून "कसे वाटते?" असे विचारले, की "छान आहे सर" हेच उत्तर मिळते. आलेल्या पाहुण्याचा मान राखायचा असतो. शिवाय समोर दिसणारी वस्तू पुरी झालेली वाटते, आणि पुऱ्या झालेल्या वस्तूत खोड काढणे म्हणजे करणाऱ्याच्या मेहनतीचा अपमान. पेनाने काढलेल्या, एका बाजूला खाडाखोड झालेल्या चिठ्ठीबद्दल असा संकोच वाटत नाही. माणूस पेन मागतो आणि स्वतःच खुणा करू लागतो. म्हणून "कसे वाटते?" हा प्रश्न या पुस्तकात कुठेही नाही. काम सांगा, आणि हात कुठे थांबतो ते बघा.

कागद आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यांची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे. 1981 ते 1985 या काळात उत्तर युरोपात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत संगणक येणार होते आणि जुळारी, पाने लावणारे, छायाचित्रांवर काम करणारे यांचे कसब त्यात बुडेल अशी भीती होती. त्यांच्या संघटना आणि पेले एन यांच्यासारखे संशोधक एकत्र बसले. तेव्हा टेबलावर मावणारा लेसर प्रिंटर सामान्य छापखान्यात नव्हताच. त्यांनी पुठ्ठ्याचे रिकामे खोके ठेवले, त्यावर तसे नाव लिहिले, आणि कामगारांना त्या खोक्यांमध्ये उद्याचे काम करून बघायला लावले. ज्यांच्या हाती छपाईचे खिळे होते त्यांना संगणकाची भाषा येत नव्हती, पण पान कसे लागते हे त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. पुठ्ठ्याच्या खोक्यामुळे त्यांना त्यांच्याच भाषेत बोलता आले. हे वाचले तेव्हा मला आमच्या आडतीवरचे मुनीम आठवले.

अमेरिकेत याच सुमारास बॅरी बोहम यांनी एक प्रयोग केला, तो 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. सात गटांना एकच छोटी प्रणाली करायला दिली. चार गटांनी आधी सविस्तर तपशीलपत्र लिहिले, तिघांनी आधी नमुना केला. नमुना करणाऱ्यांचे काम सुमारे 45 टक्के कमी श्रमांत झाले, प्रोग्रामच्या ओळीही सुमारे 40 टक्के कमी भरल्या, आणि त्यांची प्रणाली शिकायला व वापरायला सोपी ठरली. एवढे सांगून पुष्कळ लेखक थांबतात. पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे: तपशीलपत्र लिहिणाऱ्यांची प्रणाली आतून अधिक सुसंगत होती आणि चुकीची माहिती भरली गेली तर ती कमी कोलमडत होती. पुढे बोहम दोन्हींची सांगड घालण्याच्या बाजूने गेले. मीही त्याच मताचा आहे. नमुना केला म्हणून लिहिण्यातून सुटका होत नाही. आजींची चिठ्ठी शेवटी कुणीतरी नियम म्हणून नीट लिहून ठेवावीच लागते.

त्याच वर्षी जर्मनीतल्या क्रिस्टियाने फ्लॉइड यांनी नमुन्यांची तीन कामे वेगळी करून दाखवली. एक शोधासाठी: गरज काय आहे हेच धुंडाळायचे. दुसरा प्रयोगासाठी: सुचलेला तोडगा चालतो का ते तपासायचे. तिसरा हळूहळू वाढत जाऊन स्वतःच प्रणाली बनणारा. पुस्तकाची रचना ढोबळमानाने या तीन कामांवर बेतली आहे, पण पानांची वाटणी सारखी नाही. पहिल्यावर अर्ध्याहून अधिक पुस्तक खर्च झाले, कारण आपल्याकडे तिथेच सगळ्यात कमी काम होते. तिसऱ्याबद्दल मी सावध आहे. फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात सल्ला दिला होता, की पहिली प्रणाली टाकून द्यायचीच असते, तेव्हा ती टाकायची म्हणूनच बांधा. वीस वर्षांनी नव्या आवृत्तीत त्यांनीच तो सल्ला चुकीचा ठरवला: सगळे एकदम बांधायचे आणि सगळे एकदम टाकायचे ही कल्पनाच अपुरी होती, थोडे थोडे वाढवत न्यावे. जाणत्या माणसाने आपले गाजलेले वाक्य असे परत घ्यावे, हे मला मोठे वाटते. तरीही आपल्या परिस्थितीत मी विद्यार्थ्यांना पहिला सल्ला पाळायला सांगतो. धावदोऱ्यावरच कपडा अंगात घालून बाजाराला गेलेली गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. एका कार्यालयात आमच्या मुलांनी दाखवण्यापुरते केलेले काम दुसऱ्या दिवसापासून रोजच्या वापरात घेतले गेले. आत माहिती जपून ठेवण्याची, तपासण्याची कसलीच व्यवस्था नव्हती, आणि महिन्याभराच्या नोंदी गेल्या. चूक आमची होती. तो नमुना दिसायला पक्का होता.

सरकारी कागदांत 'पथदर्शी प्रकल्प' हा शब्द येतो, त्याच्याशीही नमुन्याची गल्लत करू नये. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे आली ती 10 वाघिणींची, नंतर 50 वाघिणींची गाडी धावली. पहिली खेप लहान होती, पण ती खरीच गाडी होती आणि तिच्यात खरेच पाणी होते. पथदर्शी प्रकल्प तसा असतो: खरी गोष्ट लहान प्रमाणात. तिथवर पोचेपर्यंत पैसा खर्च झालेला असतो, शासन निर्णय निघालेला असतो, आणि मोठा बदल सुचवणारा माणूस सगळ्यांना अडचणीचा वाटतो. नमुना त्याच्या कितीतरी आधी यायला हवा.

उशिरा कळण्याची किंमत या भागाला वेगळी शिकवावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. नंतरच्या पुनर्वसनात 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. प्रचंड काम होते ते, आणि त्या घरांनी लोकांना निर्धास्त झोप दिली. पण सरळ रेषेत आखलेल्या त्या गावांत गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, सोयरे आले तर बायकांनी कुठे बसायचे, ही उत्तरे लोकांनी नंतर पत्रे, कुंपणे आणि पडव्या उभारून स्वतःच शोधली. लातूर-धाराशिवच्या त्या गावांतून जाताना मूळ घर आणि भोवती माणसाने जोडलेले घर डोळ्यांना वेगळे दिसते. माहितीप्रणालीत अशी जोडलेली पडवी दिसत नाही. ती कारकुनाच्या टेबलाच्या खणात असते: प्रणालीत न बसणाऱ्या गोष्टी लिहिलेली एक वही. कुठल्याही कार्यालयात गेलात तर आधी ती वही मागा.

माणसांसमोर नमुना कसा ठेवावा याबद्दल परदेशी पुस्तके बहुधा एकच रीत सांगतात: एकेकाला वेगळे बसवा, शांत खोली, शेजारी निरीक्षक. आमचा अनुभव निराळा आहे, आणि त्याचे मूळ मला चावडी वाचनात दिसते. सातबाऱ्याचे संगणकीकरण होताना हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा यांत फरक निघत होते. 2017 मध्ये गावोगावी चावडीवर सातबारे मोठ्याने वाचले गेले आणि हरकती घेतल्या गेल्या. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वतःच्या उताऱ्यावरची चूक एखाद्याला एकट्याने वाचताना दिसत नाही, किंवा दिसली तरी तो बोलत नाही. चारचौघांत वाचले की बांधाशेजारचा बोलतो, "अरे, ही विहीर सामाईक आहे, ह्यात नाही आली." आम्हीही चिठ्ठ्या पारावर मांडू लागलो. एकट्याकडून "छान आहे" एवढेच मिळे, तिथे चौघे आपसांत वाद घालू लागले, आणि त्या वादातून कामाचे बारकावे बाहेर आले. मात्र पारावर बायका बोलत नाहीत. शेतातले निम्म्याहून अधिक काम त्यांच्या हातचे, म्हणून त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीत स्वतंत्र फेरी घ्यावी लागते. त्या फेरीत आलेली उत्तरे पारावरच्या उत्तरांशी क्वचितच जुळली.

नमुन्यात भरायच्या माहितीवर एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते कुणी वगळू नये अशी विनंती. मुले पडद्यावर 'अबक पाटील, गट क्रमांक 1, क्षेत्र 1 हेक्टर' असे लिहितात आणि पडदा देखणा दिसतो. खऱ्या उताऱ्यावर चौदा सहहिस्सेदार असतात, दोघे मयत, एक अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान, त्याचा पालक आई. गट क्रमांकाला तिरक्या रेघा आणि अक्षरे चिकटलेली. पोटखराबा वेगळा. शेऱ्याच्या रकान्यात बँकेचा बोजा. आमच्याकडे यात निजामी काळाची भर आहे: महसुली दप्तर उर्दूत आणि मोडीत, पुढे 1954-55 ची खासरा पाहणी, मग देवनागरी हस्ताक्षर, मग संगणक. प्रत्येक पायरीवर नाव थोडे थोडे बदलत आले. महंमद, मोहम्मद आणि महमद ही एकाच माणसाची तीन कागदांवरची नावे असू शकतात, आणि आधार कार्डावर चौथेच असते. नाव तंतोतंत जुळले पाहिजे असा नियम घालणारी प्रणाली अशा माणसाला दारातूनच परत पाठवते. म्हणून नमुन्यातली माहिती खऱ्याच्या घडणीची हवी. खऱ्या माणसांची मात्र नको, कुणाचा उतारा चिठ्ठीवर उतरवून गावभर फिरवायचा नसतो. अशी पंचवीस अवघड खाती आम्ही स्वतः रचली आणि पुस्तकात दिली आहेत. पडदा त्या पंचवीसांना पुरला तर पुढे जावे.

आडव्या आणि उभ्या नमुन्यांचा भेद, चिठ्ठ्या किती मोठ्या असाव्यात, 'मोबाईल' झालेल्या विद्यार्थ्याने चेहरा कसा ठेवावा, नोंदी कोणी आणि कशा घ्याव्यात, हे तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. त्यांची पुनरुक्ती इथे करत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात अपुरी राहिली. आमच्या चिठ्ठ्या मराठीत होत्या आणि वाचता येणाऱ्यांसाठी होत्या. किनवट-माहूरच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात, गोंड आणि कोलाम वस्त्यांत त्यांची बोली, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू कानावर येते, नांदेड शहरात उर्दू. तिथे चिठ्ठी मुकी ठरते. बोलून नोंद करता येणारी प्रणाली हवी असेल तर आधी ती कशी तपासायची? याची वाट 1983 मध्ये आयबीएमच्या जॉन गूल्ड यांनी दाखवून ठेवली आहे. ऐकून टाइप करणारे यंत्र लोकांना आवडेल का, हे त्यांना बघायचे होते. तसे यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्यांनी दुसऱ्या खोलीत टाइप करणारी व्यक्ती बसवली, आणि बोलणाऱ्याला आपले शब्द पडद्यावर उमटताना दिसले. आम्हाला त्यासाठी दोन मोबाईल आणि गोरमाटी घरात बोलणारा एक विद्यार्थी पुरेल: एक मोबाईल बांधावरच्या माणसाच्या हाती, दुसरा झाडाआड बसलेल्या मुलाकडे, तो ऐकेल आणि प्रणालीच्या आवाजात पुढचा प्रश्न विचारेल. माणसाला प्रयोग झाल्यावर सगळे समजावून सांगायचे. तुरीच्या फुलोऱ्याच्या सुमारास किनवटची फेरी ठरली आहे, आणि पहिला प्रश्न बॅगेचाच ठेवला आहे.